सणात मुलांचा वाटा

पालघर तालुक्यातले नवापूर हे बोईसरच्या पश्चिमेला समुद्राला लागून वसलेले गाव. दांडी, आलेवाडी, नांदगाव, मुरबे, सातपाटी ही मच्छीमारांची गावे याच किनारपट्टीवर आहेत. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. पावसाळा हा बऱ्याच माशांच्या विणीचा काळ, शिवाय समुद्र खवळलेला, म्हणून ही बंदी. या दोन महिन्यांत होड्या वर ओढून ठेवतात, त्यांची डागडुजी आणि रंगरंगोटी होते, जाळी पसरून फाटलेले भाग सांधले जातात. एरवी रात्री-अपरात्री समुद्रावर असणारी माणसे दिवसाउजेडी घरात दिसतात. मग श्रावणातली पौर्णिमा येते, समुद्राला नारळ अर्पण होतो, घरोघरी नारळीभात आणि करंज्या होतात. मोठ्यांच्या लेखी नारळी पौर्णिमा हा एका दिवसाचा सण आहे. घरातल्या चार वर्षांच्या मुलासाठी मात्र तो कितीतरी आधी सुरू झालेला असतो: होडीसाठी रंगाचा डबा उघडला तेव्हा, आजीने नारळ कानाशी हलवून आत पाणी वाजते का हे पाहिले तेव्हा, पताका कापायला कागद आला तेव्हा. सहा-सात वर्षांखालच्या मुलांना सण कळतो तो अशा तयारीतून. त्या तयारीत त्यांच्या हाताला खरे काम असेल, तर सणातून त्यांच्या वाढीला काही मिळते. नसेल, तर थाटमाट कितीही झाला तरी तो दिवस त्यांच्यासाठी गर्दीचा, गोंगाटाचा आणि मोडलेल्या झोपेचा ठरतो. हे मत नुसते भावनेवर उभे नाही. त्याला बालशिक्षणातला अनुभव आणि गेल्या काही दशकांतले संशोधन असा दुहेरी आधार आहे, आणि त्यातला अनुभवाचा मोठा भाग याच जिल्ह्यातला आहे.

हा मुद्दा आज मांडावा लागतो, कारण सणाची तयारी घराबाहेर चालली आहे. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले, पाठोपाठ औद्योगिक वसाहत वाढली आणि बोईसरच्या आसपास राज्यातून व देशभरातून कामगारांची कुटुंबे येऊन राहिली. कारखान्यातल्या पाळ्या, भाड्याची खोली, आजी-आजोबा गावाकडे, आई-वडील दोघेही कामावर. अशा घरात फराळ, तोरण, कंदील आणि मखर तयार विकत येणे स्वाभाविकच आहे आणि त्यात कुणाचा दोष नाही. पण या बदलाचा एक परिणाम सहसा लक्षात येत नाही. तयारीची कामे घरातून गेली की लहान मुलाला करण्यासारखे काही उरत नाही. त्याला नवे कपडे घालतात, टिकली-टोपी लावतात, आरतीच्या वेळी पुढे उभे करतात, फोटो काढतात आणि ‘हात लावू नको’ असे सांगतात. दोन-तीन वर्षांच्या मुलाला पाहुण्यासारखे बसवून ठेवणे हे त्याच्या वयाच्या स्वभावाविरुद्ध आहे. मग ते रडते, हट्ट करते, समई ओढते आणि घरचे म्हणतात की सणासुदीलाच हे मूल असे का वागते. त्या वयात मूल हातांनी जग समजून घेते, आणि त्या दिवशी नेमके त्याचे हात बांधलेले असतात.

मुलांच्या हातांना काम देण्याचा विचार पालघर जिल्ह्याला नवा नाही. ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी भावनगरमध्ये बालशिक्षणाचे काम उभे केले आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममधल्या गरीब वस्तीत पहिले बालगृह सुरू केले होते. मुलाला खोटी खेळभांडी देण्याऐवजी झाडणे, ओतणे, पुसणे, वाढणे ही खरी कामे त्याच्या मापाच्या साधनांनी करू द्यावीत, हा त्यांच्या पद्धतीचा गाभा होता. ताराबाईंनी तो इथल्या मातीत रुजवायचे ठरवले. १९४५ साली त्यांनी डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला ग्राम बालशिक्षण केंद्र काढले, तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ च्या सुमारास हे काम जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर गेले. परदेशी बनावटीची महाग साधने आदिवासी पाड्यावर परवडणार नव्हती. म्हणून शंख-शिंपले, बिया, पाने, काड्या, खडे हीच मोजण्याची, लावण्याची आणि रंग ओळखण्याची साधने झाली. मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर बालवाडी त्यांच्या अंगणात नेली, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली, आणि धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फिरणाऱ्या मुलींना शिकता यावे म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणल्या. या सगळ्यामागे एकच निरीक्षण होते: मूल ज्या घरात आणि ज्या वस्तूंमध्ये वाढते, तिथेच त्याचे शिक्षण आधीपासून चालू असते, शिकवणाऱ्याने त्याला नीट वळण द्यायचे असते. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ साली पद्मश्री मिळाली. सन्मान झाले, पण त्यांचे हे निरीक्षण घराघरांतल्या सणापर्यंत अजून पोचलेले नाही.

लहान मुलाला काम करावेसे वाटते, हे गृहीतक खरे आहे का, असा प्रश्न इथे कुणीही विचारील. फेलिक्स वॉर्नेकन आणि मायकेल टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली दीड वर्षांच्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. अनोळखी माणसाच्या हातून वस्तू पडली आणि ती त्याला उचलता येत नसली, किंवा दोन्ही हात भरलेले असल्यामुळे त्याला कपाट उघडता येत नसले, तर बरीच मुले न सांगता मदतीला धावली. दोन वर्षांनी त्यांनी दुसरा प्रयोग केला. वीस महिन्यांच्या काही मुलांना मदतीबद्दल खेळणे बक्षीस दिले आणि काहींना काहीच दिले नाही. बक्षीस मिळालेली मुले पुढे बक्षिसाविना मदत करायला कमी तयार झाली. ‘पणत्या लावायला मदत केलीस तर चॉकलेट देईन’ असे म्हणणाऱ्या प्रत्येक घराने हा निष्कर्ष ध्यानात ठेवावा, कारण कामात सामील होणे हेच त्या वयात मुलाला हवे असते आणि आमिष त्या हौसेची किंमत उतरवते. बार्बरा रोगॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेक्सिको आणि ग्वाटेमालातल्या मूलनिवासी समाजांत अनेक वर्षे अभ्यास करून दाखवले आहे की जिथे मुले मोठ्यांच्या कामाच्या आसपास वावरतात, पाहतात आणि मध्येच हात लावतात, तिथे ती न सांगता घरकामात पुढाकार घेतात. नवापूरच्या ओट्यावर जाळे सांधणाऱ्या बापाशेजारी बसून सुताची रिळे हातात देणारे मूल याच रीतीने शिकत असते. त्याला कुणी धडा देत नाही. पण दोरा कधी लागेल, सुरी कुठे ठेवायची, फाटलेला डोळा कसा ओळखायचा हे त्याच्या नजरेत बसत जाते.

करंजीचे उदाहरण जवळून पाहू. मोठ्या माणसाला करंजी हा एक पदार्थ दिसतो. प्रत्यक्षात ती नऊ लहान कामांची साखळी आहे: पीठ भिजवणे, गोळे करणे, पारी लाटणे, सारण भरणे, कडेला दुधाचे बोट फिरवणे, पारी दुमडणे, कडा दाबणे, कातणाने जादा पीठ कापणे आणि तळणे. यातले तळणे पूर्णपणे मोठ्यांचे. लाटणे पाच-सहा वर्षांच्या मुलाला वेड्यावाकड्या आकारात जमते. पण कडेला दुधाचे बोट फिरवणे तीन वर्षांच्या मुलालाही जमते, आणि ते काम नाटकी नाही. बोट नीट फिरले नाही तर करंजी तेलात फुटते आणि सारण बाहेर येते, हे मूल स्वतः पाहते. आपल्या बोटावर करंजी अवलंबून आहे हे त्याला कळते. गोळे मोजताना अंक येतात, सारणाचा चमचा सारखा भरताना माप येते, आपली पाळी येईपर्यंत थांबताना संयम येतो. दीड वर्षांच्या मुलालाही पिठाचा एक गोळा हातात देता येतो. तो दाबणे आणि चपटा करणे हेच त्याचे काम. गणपतीच्या आधी दुर्वा निवडून एकवीसची जुडी करणे, आंब्याची पाने पुसून तोरणासाठी एकाखाली एक ठेवणे, दिवाळीच्या किल्ल्यावर अळीव पेरून रोज हलक्या हाताने पाणी शिंपडणे, पणतीत वात ठेवणे ही सगळी कामे याच जातीची आहेत. किल्ल्यावरचा अळीव दोन-चार दिवसांत उगवतो, म्हणून तीन वर्षांच्या मुलाला आपल्या कामाचे फळ त्याच्या धीराच्या टप्प्यात दिसते. मुलांनी करण्यासारखे काही नाही, असा एकही सण आपल्या वर्षात नाही. मोठ्या कामातून लहान काम वेगळे काढून ठेवायची सवय मात्र आपल्याला लावून घ्यावी लागते.

हे सणाचे झाले, पण सण रोजच्या घरावर उभा असतो. जेम्स बॉसार्ड आणि एलिनॉर बोल यांनी १९५० साली कुटुंबातल्या रीतीरिवाजांवर पुस्तक लिहिले, तेव्हापासून या विषयाचा अभ्यास चालू आहे. २००२ साली बार्बरा फीसे आणि सहकाऱ्यांनी त्या ५० वर्षांतल्या अभ्यासांचा आढावा घेतला. त्यांनी केलेला भेद उपयोगाचा आहे. रोजचा क्रम हा ‘आता काय करायचे’ ते सांगतो: अंघोळ, जेवण, झोप. रीत त्यापुढे जाऊन ‘आपण कोण’ हे सांगते: आपल्या घरी पहिला घास कुणाला, गौरीला कोणती भाजी, दिवाळीच्या पहाटे तेल कोण लावते. लहान मुलासाठी दुसरी गोष्ट पहिलीच्या खांद्यावर बसून येते. रोज संध्याकाळी दिवा लागतो तेव्हा हात जोडण्याची सवय असलेल्या मुलाला दिवाळीतल्या पणत्या ओळखीच्या वाटतात. जिथे रोज एकत्र जेवण होत नाही, तिथे सणाची पंगत त्याला परकी वाटते. रोजच्या क्रमाची ताकद किती असते हे २००९ साली जोडी मिंडेल आणि सहकाऱ्यांनी ४०५ आया आणि त्यांच्या सात महिने ते तीन वर्षांच्या मुलांसोबत तपासले. रोज रात्री अंघोळ, अंगाला हलके मालीश आणि मग शांत वेळ असा एकच क्रम दोन आठवडे पाळला, तेवढ्यात मुले लवकर झोपू लागली, रात्री कमी उठू लागली आणि आयांची मनःस्थितीही सुधारली. तेल आणि अंघोळ आपल्याकडच्या बाळाला नवीन नाहीत; प्रश्न रोज त्याच क्रमाने आणि त्याच वेळी करण्याचा आहे. म्हणून सणाच्या दिवसांतही झोपेची आणि जेवणाची वेळ शक्य तितकी सांभाळणे हा सणाचाच भाग मानला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशीनुसार एक-दोन वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी ११ ते १४ तास आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप लागते. रात्री बारापर्यंत मंडपात बसवलेले मूल सकाळी चिडचिडे होते, ते सणाला कंटाळले म्हणून नव्हे, तर झोप अपुरी राहिली म्हणून.

पहिला आक्षेप असा की इतक्या लहान वयातले मुलांना पुढे काहीच आठवत नाही, मग एवढा खटाटोप कशाला? मोठेपणी बहुतेकांच्या सर्वांत जुन्या आठवणी तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या असतात, हे खरे आहे. पण याच विषयातल्या संशोधनाने आक्षेपाची धार बोथट केली आहे. २००० साली न्यूझीलंडमध्ये झालेल्या एका अभ्यासात माओरी समाजातल्या प्रौढांच्या पहिल्या आठवणी सरासरी पावणेतीन वर्षांच्या वयाच्या आसपासच्या निघाल्या, तर युरोपीय वंशाच्या लोकांच्या साडेतीन वर्षांच्या आसपासच्या. माओरी संस्कृतीत मागच्या गोष्टी मुलांना पुन्हा पुन्हा सविस्तर सांगण्याला मोठे स्थान आहे, आणि हा फरक त्यामुळे पडत असावा असे संशोधकांनी सुचवले. रॉबिन फायवश आणि इलेन रीस यांच्या अभ्यासांतही हेच दिसते: आई-वडील मुलाशी झालेल्या प्रसंगाबद्दल खुलवून बोलतात, ‘मग काय झाले, तेव्हा तू काय केलेस’ असे विचारतात, तेव्हा मुलाच्या आठवणी अधिक भरीव होतात. सण संपल्यावर पाच मिनिटे बसून ‘गणपती आणायला कोण कोण गेले होते, तू हातात काय धरले होतेस’ असे बोलणे हे सणाइतकेच मोलाचे आहे. ज्या मुलाने काही केलेले असते त्याच्याकडे सांगण्यासारखे काही असते. आणि आठवण पुसली गेली तरी सवय राहते. ताटे मांडायला उठणारे मूल ती सवय कधी लागली हे सांगू शकत नाही, तरी ती त्याची झालेली असते.

दुसरा आक्षेप वेळेचा आहे आणि तो जास्त वजनदार आहे. रात्रपाळी करून आलेल्या बापाने, पहाटे लिलावात मासळी घेऊन बोईसरच्या बाजारात विकायला बसणाऱ्या आईने मुलाला घेऊन करंज्या कधी करायच्या? याचे उत्तर असे की मुद्दा प्रमाणाचा नाही, ठामपणाचा आहे. स्टीव्हन वॉलिन आणि लिंडा बेनेट यांनी अमेरिकेत दारूचे व्यसन असलेल्या पालकांच्या कुटुंबांचा अभ्यास केला, त्याचे निष्कर्ष १९८० साली प्रसिद्ध झाले. व्यसनाच्या ऐन काळातही ज्या घरांनी एकत्र जेवण, सुट्ट्या आणि सण मोडू दिले नाहीत, तिथे पुढच्या पिढीत व्यसन कमी उतरले. जिथे हे रिवाज विस्कटले, तिथे ते जास्त उतरले. अशा अभ्यासांतून कारण आणि परिणाम यांचे नाते पुरते सिद्ध होत नाही. ज्या घराला सण टिकवता आला, त्या घरात इतरही काही बळ असणार, हे मान्य करायला हवे. तरी अडचणीत सापडलेल्या घरांतही काही जपलेले असणे मुलांच्या बाजूने उभे राहते, एवढे त्यातून निघते. म्हणून सगळा फराळ घरी व्हायला हवा असे कुणी म्हणत नाही. एकच पदार्थ घरी व्हावा, पण तो दरवर्षी व्हावा आणि त्यातले एक काम मुलाचे असावे. फराळ विकत आला तरी तो डब्यांत भरून शेजारच्या घरी नेऊन देण्याचे काम मुलाचे असू शकते. रात्रपाळीच्या बापाला संध्याकाळची आरती चुकते, त्याच्या घरी दुपारी बारा वाजता आरती करायला काय हरकत आहे? मुलाला मुहूर्तापेक्षा रोज त्याच वेळी सगळे एकत्र उभे राहण्याची गरज असते.

वेळेच्या आक्षेपालाच जोडून एक दुःखाचा सूर असतो: गाव सुटले, माणसे सुटली, इथे कुणी आपले नाही. बोईसरसारख्या ठिकाणी ही भावना खरी आहे, पण इथली वस्ती मुलांना एक वेगळी संधी देते. एकाच चाळीत गणपती, नवरात्रीचा गरबा, ईद, नाताळ आणि उत्तर भारतीय कुटुंबांची छठ साजरी होते. छठेला ही कुटुंबे मावळत्या आणि उगवत्या सूर्याला अर्घ्य द्यायला पाण्याकाठी जातात, आणि इथल्याच समुद्राला कोळी-मांगेल्यांनी श्रावणात नारळ दिलेला असतो. थोडे पूर्वेला डोंगराकडे गेले की वारल्यांचे पाडे लागतात. तिथे दिवाळीच्या सुमाराला वाघबारशीला वाघदेवाची पूजा होते आणि भाताचे पीक हाती आले की तारपा वाजतो. सुकवलेला भोपळा आणि बांबू यांपासून केलेल्या त्या वाद्याभोवती एकमेकांना धरून नाचणाऱ्यांचे वेटोळे जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांमुळे जगभर पोचले. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या या चित्रकाराला २०११ साली पद्मश्री मिळाली. त्या नाचात प्रेक्षक आणि कलाकार अशी विभागणी नसते, जो येईल तो साखळीत जोडला जातो. शेजारच्या सणातही मुलाला असे जोडून घेता येते. शेजाऱ्यांच्या छठेच्या ठेकुव्यासाठी पीठ चाळायला गेलेले मूल शेजारधर्म शब्दांवाचून शिकते, आणि आजी-आजोबा दूर असलेल्या घराला शेजारची आजी मिळते.

तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा. लहान मुले, तेल, आग, पाणी आणि गर्दी हे धोकादायक मिश्रण आहे, आणि इथे आक्षेप घेणारा अगदी बरोबर आहे. पण त्यातून मुलाला दूर बसवावे असे निघत नाही. कामांची वाटणी डोळसपणे करावी असे निघते. शेगडी, कढई, विळी आणि फटाके मोठ्यांकडे. भिजवणे, निवडणे, मांडणे, वाटणे मुलांकडे. काही गोष्टी घरातल्या ज्येष्ठांनाही समजावून सांगाव्या लागतात. पंचामृतात मध असतो, आणि एक वर्षाखालच्या बाळाला मधाचे बोटही देऊ नये, कारण मधातल्या विशिष्ट जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळाला बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. अख्खे शेंगदाणे, फुटाणे आणि खोबऱ्याचे कडक तुकडे चार वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकतात, प्रसाद वाटताना ते बारीक करून द्यावेत. आवाजाचेही तसेच. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, मिरवणुकीतल्या ध्वनिवर्धकांच्या भिंती ती सहज ओलांडतात. तान्ह्या बाळाला त्या भिंतीसमोर नाचवत नेण्यात कौतुक नाही, कानाला इजा आहे. विसर्जनाला मुलांना न्यायचेच असेल तर दिवसाउजेडी, ओहोटीची वेळ पाहून आणि पाण्यापासून अंतर ठेवून न्यावे. समुद्राची भरती-ओहोटी बघून बेत ठरवण्याची ही शिस्त नवापूरच्या मुलांनी तर घरातच पाहिलेली असते.

चौथा आक्षेप विचारी माणसांचा आहे: सणाची कामे मुलांना देताना आपण जुनी उतरंडही देत नाही का? मुलगी पोळ्या लाटते, मुलगा गणपती उचलतो. आई उपाशी राबते, बाप पाटावर बसतो. हा आक्षेप टाळता येणार नाही, कारण तयारीत सामील झालेले मूल फक्त कौशल्य उचलत नाही, कोण राबते आणि कोण बसते हेही उचलते. चार वर्षांच्या मुलाने बापाला सणाच्या दिवशी भांडी घासताना पाहिले नसेल, तर समतेवरचे पुढचे कितीही धडे त्याला पाठ करण्यापुरतेच उरतील. म्हणजे हा आक्षेप मुख्य मुद्द्याला पाडत नाही, उलट त्याला पूर्ण करतो. मुलांना काम द्यायचे असेल तर कामांची वाटणी नव्याने करावी लागेल: मुलगा करंजीच्या कडेला बोट फिरवेल, मुलगी गणपतीच्या पाटाला हात लावेल, आणि आरतीचे ताट धरताना कुणाचा मान पहिला हा वाद राहणार नाही. बालमजुरीची शंकाही याच ठिकाणी दूर होते. मजुरीत काम मुलाच्या ताकदीपेक्षा मोठे असते, थांबायची मुभा नसते आणि फायदा दुसऱ्याचा असतो. घरच्या वाट्यात काम त्याच्या मापाचे असते, दहा मिनिटांनी ते उठून खेळायला गेले तरी चालते आणि त्या कामाचा पदार्थ ते सगळ्यांसोबत बसून खाते. ज्या घरात मोठी मुलगी सणभर धाकट्यांना सांभाळत राबते, तिथे मात्र ही सीमा ओलांडलेली असते. ताराबाई आणि अनुताईंनी पाळणाघर काढले ते तिच्यासाठीच.

सणातून मूल काय शिकते याची एक कसोटी नवापूरच्या किनाऱ्यावर आयती आहे. तारापूर औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी याच गावाजवळच्या समुद्रात सोडले जाते आणि त्याबद्दल मच्छीमारांच्या तक्रारी जुन्या आहेत. समुद्राला नारळ वाहायचा आणि त्याच पाण्यात प्लास्टिकच्या पिशवीसकट निर्माल्य टाकायचे, हे मुलासमोर घडले तर त्याच्या मनात पूजेचा अर्थ काय राहील? कारखान्यांच्या सांडपाण्याचा प्रश्न पालकांच्या हाती नाही, तो प्रशासनाकडे नेटाने मागून सोडवावा लागेल. पण निर्माल्य वेगळे ठेवणे, शाडूच्या मूर्तीचे घरच्या बादलीत विसर्जन करणे आणि ती माती कुंडीत घालणे घराच्या हाती आहे, आणि त्यातले प्रत्येक काम चार वर्षांच्या मुलाला करता येते. समुद्र आपला आहे हे सांगण्याची गरज उरत नाही, कारण समुद्रासाठी काहीतरी करणे हा मुलाच्या सणाचा भाग झालेला असतो.

तेव्हा येत्या वर्षाच्या सणांसाठी प्रत्येक घराने एक साधा निर्णय करावा. घरातल्या प्रत्येक लहान मुलाला प्रत्येक मोठ्या सणात एक काम नेमून द्यावे, ते त्याचे आहे असे सगळ्यांसमोर सांगावे, त्या कामाला लागेल तेवढा वेळ आधीच धरावा आणि काम ओबडधोबड झाले तरी मागाहून दुरुस्त करू नये. पुढच्या वर्षी तेच काम थोडे वाढवावे: या वर्षी दुर्वा निवडणारे मूल पुढच्या वर्षी जुडी बांधेल आणि त्यापुढच्या वर्षी धाकट्या भावंडाला दुर्वा ओळखायला शिकवील. यासाठी पैसा लागत नाही, मोठे घर लागत नाही, गावही लागत नाही. मोठ्यांना थोडे सावकाश व्हावे लागते, सुबकपणाचा हट्ट सोडावा लागतो आणि फोन बाजूला ठेवावा लागतो. एवढे ज्या घराला जमेल, त्या घरातली मुले मोठी झाल्यावर सण कसा करायचा हे कुणाला विचारणार नाहीत. तोवर त्यांनी तो दहा-पंधरा वेळा आपल्या हाताने केलेला असेल.